वरची सीम काढल्यावर खालच्या खडकाचे काय होते?

खनिकर्म पदविकेच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे: भूमिगत खाणीतून कोळसा काढला की वरचा खडक कोसळतो आणि जमीन खचते, हे सर्वत्र सविस्तर शिकवले जाते, परंतु त्याच कोळशाच्या खाली असलेल्या खडकावर काय परिणाम होतो, तो किती खोलवर पोहोचतो, आणि खाली दुसरी सीम, म्हणजे कोळशाचा थर, असेल तर ती नंतर सुरक्षितपणे काढता येते का? खालचा खडक कोसळत नाही, म्हणून तिथे काहीच घडत नाही, असा समज खाणीत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचाही असतो. माझे बहुतेक काम विदर्भातील भूमिगत खाणींत, छत आणि पिलर (आधारासाठी उभे ठेवलेले कोळशाचे खांब) यांच्या देखरेखीचे झाले असल्यामुळे मी तिथल्या परिस्थितीच्या आधाराने उत्तर देतो. जिथे विषय आपल्याकडे तितक्या तीव्रतेने दिसत नाही तिथे बाहेरची उदाहरणे घेतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. खालच्या खडकाला काढलेल्या कोळशाचा त्रास मर्यादित असतो. खरा आणि दीर्घकाळ टिकणारा त्रास वरच्या सीममध्ये मागे राहिलेल्या कोळशाचा असतो.

आधी ताणाचा हिशेब पाहू. आपला कोळसा ज्यांत आहे त्या गोंडवाना खडकांत दर मीटर खोलीमागे उभा दाब साधारण 0.025 मेगापास्कलने वाढतो. म्हणजे 200 मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर सुमारे 500 टन, अर्थात 5 मेगापास्कल इतका भार असतो. कोळसा जागेवर असतो तेव्हा हा भार सर्वत्र सारखा पसरलेला असतो. कोळसा काढला की भार नाहीसा होत नाही, तो आजूबाजूच्या कोळशावर सरकतो. गोफच्या, म्हणजे कोळसा काढून छत पडू दिलेल्या भागाच्या, बरोबर खाली दाब एकदम कमी होतो. गोफच्या कडेला, उभ्या असलेल्या कोळशाखाली, तो मूळ दाबाच्या दीडपट, दुप्पट, काही ठिकाणी त्याहूनही अधिक होतो. त्यामुळे एकाच पातळीवरच्या खडकाचा एक पट्टा मोकळा होतो आणि त्याला लागूनच असलेला दुसरा पट्टा दाबला जातो. खाली होणारे जवळजवळ सगळे नुकसान या दोन पट्ट्यांच्या सीमेवर किंवा तिच्या आसपास होते.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात खडक वर उचलला जातो. किती, याचा अंदाज सोप्या आकडेमोडीने येतो. वालुकाश्माचा लवचिकता गुणांक 10 गिगापास्कल धरला, 5 मेगापास्कलचा पूर्ण भार उतरला असे मानले आणि 30 मीटर जाडीचा खडक विचारात घेतला, तर उसळी फक्त 15 मिलिमीटर येते. याउलट छत पाडून 3 मीटर जाडीची सीम काढली, तर जमीन आपल्याकडच्या अनुभवाप्रमाणे काढलेल्या जाडीच्या साधारण 60 टक्क्यांपर्यंत, म्हणजे पावणेदोन मीटरांच्या आसपास खचू शकते. वरच्या आणि खालच्या हालचालीत असा शंभर पटींहून अधिक फरक असल्यामुळेच वरच्या बाजूचा अभ्यास आधी झाला, आणि खालची बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली.

पण 15 मिलिमीटरांची उसळी निरुपद्रवी समजू नये. कोळशाखालचा खडक एकसंध ठोकळा नसतो. शेल, वालुकाश्म, मातकट शेल, कोळशाची पातळ पट्टी असे थर एकावर एक असतात आणि त्यांच्या सांध्यांत फारशी पकड नसते. उभा दाब उतरतो, आडवा दाब मात्र बऱ्याच अंशी तसाच राहतो. मग वरून मोकळे झालेले पातळ थर आडव्या दाबाखाली वर वाकतात, सांधे उघडतात, उभ्या भेगा पडतात. सांध्यांमधून पाणी आणि वायू वाहण्याची क्षमता भेगेच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे काही दशांश मिलिमीटरांच्या भेगेनेही पारगम्यता अनेक पटींनी वाढते. छत पूर्ण पडून गोफ घट्ट दबला की भार पुन्हा तळावर येतो आणि काही भेगा मिटतात. ब्रिटनमधील लाँगवॉल खाणींच्या, म्हणजे एका लांब फेसवरून (कोळसा तोडण्याच्या आघाडीवरून) सलग कोळसा काढणाऱ्या खाणींच्या, अनुभवावरून, गोफच्या कडेपासून खोलीच्या साधारण तीन दशांश अंतरावर मूळ दाब पुन्हा प्रस्थापित झाल्याचे धरले जाते. म्हणजे 300 मीटर खोलीवर कडेपासून 90 मीटर आत. त्या आतल्या भागात खडक पुन्हा दबतो, पण एकदा तुटलेला सांधा पूर्वीसारखा होत नाही.

तुटलेला भाग किती खोल जातो, याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास चीनमध्ये झाला, कारण तिथे तो जीवनमरणाचा प्रश्न होता. उत्तर चीनमधील कोळशाच्या सीमखाली ऑर्डोव्हिशियन काळातील जाड चुनखडक आहे, त्यात विवरे आणि पोकळ्या आहेत, आणि त्यांत मोठ्या दाबाखाली पाणी भरलेले आहे. सीम आणि चुनखडक यांच्यामधला खडक हेच खाणीचे संरक्षण. चिनी अभियंते या मधल्या खडकाचे तीन भाग करतात: वरचा, खाणकामाने तुटलेला, मधला, शाबूत असलेला, आणि खालचा, ज्यात चुनखडकातील पाणी दाबाने आधीच वर चढलेले असते. मधला शाबूत भाग पुरेसा जाड असेल तरच खाण सुरक्षित. वरच्या तुटलेल्या भागाची खोली काढण्यासाठी तिथे मोजमापांवर आधारलेले एक सूत्र वापरले जाते, ज्यात खाणीची खोली, सीमचा उतार आणि फेसची लांबी हे तीन घटक येतात. 300 मीटर खोली, 10 अंश उतार आणि 150 मीटर लांबीचा फेस घेतला तर उत्तर सुमारे 16 मीटर येते. त्यातला बहुतांश वाटा फेसच्या लांबीचा असतो, खोलीचा अगदी थोडा. ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे: फेस अरुंद ठेवणे हा खालचा खडक वाचवण्याचा सर्वांत हुकमी उपाय आहे, आणि तो व्यवस्थापनाच्या हातात असतो.

पाण्याच्या धोक्यासाठी चीनमध्ये आणखी एक साधा निकष आहे. पाण्याचा दाब मेगापास्कलमध्ये घेऊन त्याला संरक्षक खडकाच्या मीटरमधील जाडीने भागायचे. भेगाळलेल्या, भ्रंश (खडक तुटून सरकलेली जागा) असलेल्या भागात उत्तर 0.06 पेक्षा आणि सामान्य भागात 0.1 पेक्षा जास्त आले तर काम धोक्याचे. 2 मेगापास्कल दाबासाठी 40 मीटर खडक असेल तर 0.05 येते आणि चालते. तोच खडक 30 मीटर असेल तर 0.067 येते, आणि भ्रंश असलेल्या जागी ते चालत नाही. या निकषाची मर्यादाही त्याच देशाने पाहिली. 2 जून 1984 रोजी तांगशानजवळच्या कायलुआन कोळसाक्षेत्रातील फानगेझुआंग खाणीत चुनखडकातील पाणी एका जुन्या, खचलेल्या विवरस्तंभातून (चुनखडकातील विवरावर वरचा खडक कोसळून बनलेल्या उभ्या स्तंभातून) वर आले. प्रवाह सर्वाधिक असताना तो मिनिटाला 2053 घनमीटर होता आणि मोठी, यंत्रसज्ज खाण एका दिवसाच्या आत बुडाली. सरासरी जाडी मोजून काढलेला कोणताही निकष असा स्तंभ दाखवत नाही. तो फक्त आगाऊ छिद्रे घेऊन आणि भूभौतिक सर्वेक्षण करून सापडतो.

महाराष्ट्रात हा धोका कितपत आहे, असा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाच्या खडकांखाली काही भागांत पैनगंगा गटाचा चुनखडक आहे. इरई नदीच्या काठी त्या चुनखडकावर प्राचीन हिमनदीने घासून उमटलेले चरे प्रसिद्ध आहेत, आणि त्या चुनखडकावर तालचीर काळातील गोटे, चिकणमाती व शेल यांचे थर बसलेले आहेत. हे तालचीर थर पाणी फारसे वाहू देत नाहीत, आणि बराकार थरांतील आपला कोळसा त्यांच्याही वर आहे. म्हणून उत्तर चीनसारखी परिस्थिती आपल्याकडे नाही. आपल्याकडचे पाणी बहुधा वरून येते: कामठी थरांतील पाणीदार वालुकाश्मातून, आणि त्याहून अधिक धोकादायक म्हणजे वरच्या सीमच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामांतून.

इथून मूळ प्रश्नाचा सर्वांत व्यावहारिक भाग सुरू होतो. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. आधी गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले रस्ते, काढून कोळशाचे चौकोनी पिलर उभे ठेवले जातात आणि नंतर डिपिलरिंग करताना ते काढले जातात. नुसते डेव्हलपमेंट, म्हणजे फक्त गॅलऱ्या काढण्याचे काम, झालेले असते तेव्हा खालच्या खडकावर परिणाम थोडा असतो. 200 मीटर खोलीवर पिलरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर 30 मीटर आणि गॅलरी 4.2 मीटर रुंद असेल, तर पिलरवरचा सरासरी दाब 5 वरून सुमारे 6.8 मेगापास्कल होतो. खाली जाताना शेजारच्या पिलरांचे भार एकमेकांत मिसळतात आणि साधारण एका पिलरच्या अंतराइतक्या खोलीवर फरक जाणवेनासा होतो. सीम जवळजवळ असतील तर मात्र हा मिसळण्याचा अवकाशच मिळत नाही. आपल्या नियमावलीत 9 मीटरांच्या आतल्या सीममध्ये, उतार 30 अंशांपेक्षा जास्त नसेल तर, शक्य तितके वरचे आणि खालचे पिलर एकाच उभ्या रेषेत ठेवण्याची, आणि दोन सीममधले पार्टिंग, म्हणजे मधला खडक, कुठेही 3 मीटरांपेक्षा कमी न ठेवण्याची अट यासाठीच आहे. वर्धा खोऱ्यातील जाड सीम दोन विभागांत काढताना ही अट रोजच्या कामाचा भाग असते, आणि तिथे सर्वेअरची चूक थेट छतावर उमटते, कारण वरचा पिलर खालच्या गॅलरीच्या डोक्यावर येतो.

डिपिलरिंग झाले की चित्र पालटते. सगळा कोळसा सारखा निघाला आणि छत पडले, तर खालच्या सीमला त्याचा एक प्रकारे फायदाच होतो. तिच्यावरचा दाब कमी झालेला असतो. पण कोळसा कधीच पूर्ण निघत नाही. छत वाईट होते म्हणून सोडलेला स्टूक (पिलरचा तुकडा), पाण्याच्या भीतीने ठेवलेला बॅरियर (न काढलेली कोळशाची भिंत), भ्रंशाच्या कडेची पट्टी, आग लागली म्हणून बंद केलेले पॅनेल (खाणीचा एक विभाग), असे काही ना काही राहते. त्या उरलेल्या कोळशावर आजूबाजूच्या गोफचा भार येतो. एक उदाहरण मोजून पाहू. 200 मीटर खोलीवर 20 मीटर रुंदीची एक लांब पट्टी दोन्ही बाजूंना गोफ असताना राहिली आणि तिने प्रत्येक बाजूच्या 15 मीटर रुंदीचा भार स्वतःवर घेतला, तर तिच्यावरचा सरासरी दाब 12.5 मेगापास्कल, म्हणजे मूळच्या अडीच पट होतो. खडक एकसारखा आणि लवचिक धरून हिशेब केला, तर पट्टीच्या मध्याखाली 20 मीटरवर दाब अजूनही मूळच्या साधारण दीडपट असतो आणि 40 मीटरवर वाढ दहा-बारा टक्क्यांवर येते. गोफ जितका रुंद आणि पट्टीवर येणारा भार जितका जास्त, तितका हा परिणाम खोल जातो. अमेरिकेत खाणसंशोधक ख्रिस्तोफर मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकावर एक सीम असलेल्या खाणींतील शेकडो उदाहरणे तपासली. तिथेही असेच दिसले की एका बाजूला गोफ असलेल्या कडेपेक्षा दोन्ही बाजूंना गोफ असलेला उरलेला पिलर खालच्या कामाला अधिक घातक असतो.

एका खाणीत खालच्या सीमच्या गॅलरीत हे मी स्वतः पाहिले आहे. पार्टिंग चांगल्या वालुकाश्माचे, छत महिनोन्महिने शांत, आणि मग काही मीटरांच्या टप्प्यात कडांचा कोळसा सुटू लागला, छताला आधार देणाऱ्या बोल्टच्या प्लेटा वाकल्या, छतात गॅलरीच्या एका बाजूने लांब भेग धावली. तिथून पुढे गेल्यावर छत पुन्हा पूर्ववत. वरच्या सीमच्या जुन्या नकाशात त्या जागी सगळा कोळसा काढल्याचे दाखवले होते. वर छिद्र घेतल्यावर तिथे कोळसा लागला. जुन्या डिपिलरिंगच्या नकाशावर प्रत्यक्षात न निघालेला कोळसाही निघाल्याचे दाखवलेले असू शकते, हे गृहीत धरूनच खालच्या सीमचे नियोजन करावे, असे माझे आग्रही मत आहे.

उरलेल्या पिलरखालचा खडक कठीण आहे की मऊ, यावर पुढचे ठरते. खडक कठीण असेल तर तो भार जशाच्या तसा खाली पोहोचवतो, आणि खोली मोठी असेल तर खालच्या कामात कोळसा एकदम उडण्याचा धोका उत्पन्न होतो. पश्चिम बंगालच्या राणीगंज क्षेत्रातील डिशेरगढ सीमच्या खोल कामांत असे धक्के परिचित आहेत. खडक मऊ असेल तर ओल्या अंगणात ठेवलेल्या बाजेचे पाय रुतावेत तसा पिलर तळात रुततो आणि शेजारच्या गॅलरीतला तळ फुगून वर येतो. अमेरिकेतील इलिनॉय खोऱ्यात कोळशाखालच्या चिकणमातीमुळे हे मोठ्या प्रमाणावर घडते. पिलर स्वतः शाबूत राहतात, तरीही जमीन खचते, कारण पाया खाली गेलेला असतो. अशा तळाला पाणी लागले की त्याची ताकद झपाट्याने घटते. म्हणून गॅलरीत पाणी साचू न देणे, गटारे वाहती ठेवणे, ही कामे नुसत्या स्वच्छतेची समजू नयेत. फुगलेला तळ खणून काढणे हा तात्पुरता उपाय आहे; भार तसाच असेल तर तळ पुन्हा फुगतो, आणि प्रत्येक खणण्यासोबत पिलरची उंची वाढून तो अधिक दुबळा होतो.

भेगाळलेल्या पार्टिंगमधून दाबाखेरीज आणखी तीन गोष्टी जातात. पहिली पाणी. 13 नोव्हेंबर 1989 रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत वरच्या सीमच्या जुन्या कामांतले पाणी खालच्या कामांत शिरले. 71 कामगार आत अडकले; 6 जणांचा मृत्यू झाला आणि उरलेल्या 65 जणांना खाण अभियंते जसवंतसिंग गिल यांनी जमिनीवरून नव्याने घेतलेल्या छिद्रातून पोलादी कॅप्सूल सोडून बाहेर काढले. वरच्या सीममध्ये 30 मीटर उंचीचे पाणी उभे असेल तर पार्टिंगवर 0.3 मेगापास्कलचा दाब सतत असतो. पाण्याने भरलेली असण्याची शक्यता असलेल्या जुन्या कामांपासून 60 मीटरांच्या आत जाण्यासाठी परवानगी आणि आगाऊ छिद्रे बंधनकारक आहेत, ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट वायू. लाँगवॉल फेसच्या खाली साधारण 40 ते 60 मीटरांपर्यंतच्या सीममधला मिथेन मोकळा होऊन वर येऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी खोऱ्यात बुली सीम काढताना खालच्या वाँगाविली सीममधला वायू फेसवर येतो, आणि तो आधीच छिद्रांतून काढून घ्यावा लागतो. चीनमध्ये याच गुणधर्माचा उपयोग करून आधी कमी धोक्याची सीम काढतात, तिच्यामुळे मोकळ्या झालेल्या धोकादायक सीममधून वायू ओढून घेतात, आणि मगच ती सीम काढतात. खालच्या खडकाच्या भेगाळण्याचा हा खराखुरा उपयोग आहे.

तिसरी गोष्ट हवा, आणि विदर्भासाठी मी तिला सर्वांत वर ठेवीन. चंद्रपूर परिसरातील कोळसा आपोआप तापून पेट घेणारा आहे. खालच्या सीममधली हवा भेगांतून वरच्या गोफमध्ये झिरपली की तिथला सोडलेला कोळसा तापू लागतो. उलट, वायुदाबमापकातला पारा उतरला की गोफमधला प्राणवायूहीन आणि कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू खाली येतो. हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. पार्टिंग 3 मीटरांपेक्षा जास्त आहे एवढ्यावर समाधान मानून हवेच्या दाबातील फरक न मोजणे, ही चूक महागात पडते.

आता खालची सीम काढता येते का, याचे उत्तर. येते, आणि वरून खाली याच क्रमाने काढणे योग्य, कारण उलट क्रमाने खालचे गोफ वरची सीम मोडून टाकतात. परंतु वरच्या सीममध्ये काम चालू असतानाच खालच्या सीमचा विचार व्हायला हवा: स्टूक कमीत कमी राहावेत, राहतील त्यांची जागा त्याच दिवशी मोजून नकाशावर यावी, आणि बॅरियर ठेवायचेच असतील तर ते दोन्ही सीममध्ये एकाच उभ्या रेषेत ठेवावेत. वाळूची भराई करून वरची सीम काढली असेल तर भार भराईवर लवकर आणि सारखा बसतो, जमीन काढलेल्या जाडीच्या पाच टक्क्यांच्या आसपासच खचते आणि पार्टिंगही बरेचसे वाचते. वाळू दुर्मिळ आणि महाग झाल्यामुळे हा मार्ग मागे पडला आहे, याची मला खंत वाटते. खालच्या सीमच्या कायमच्या वाटा, म्हणजे हवेच्या आणि वाहतुकीच्या मुख्य गॅलऱ्या, वरच्या गोफच्या कडेखालून आणि उरलेल्या पट्ट्यांखालून नेऊ नयेत. पूर्ण दबलेल्या जुन्या गोफखाली किंवा दोन्ही सीममध्ये समान असलेल्या बॅरियरच्या मध्यावर न्याव्यात. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे, गॅलऱ्यांचा चौक त्या जागी पाडू नये. दाबाच्या पट्ट्याच्या अलीकडे आणि पलीकडे किमान दहा मीटर बोल्टची घनता आधीच वाढवलेली असावी आणि छत किती खाली येते हे मोजणारी उपकरणे तिथे बसवलेली असावीत, कारण भेग दिसल्यानंतर बोल्ट मारण्यात फारसा अर्थ उरत नाही. आणि पहिली गॅलरी वरच्या जुन्या कामाखाली शिरण्यापूर्वी वर छिद्रे घेऊन पाणी, वायू आणि उरलेला कोळसा या तिन्हींची खात्री केलेली असावी. त्या छिद्रांना झडप बसवलेली असावी, म्हणजे पाणी लागलेच तर ते बंद करता येईल आणि पंपांच्या क्षमतेच्या मर्यादेत राहून हळूहळू सोडता येईल.